झिंकची पलटण

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. सकाळी ७.१०

पुन्हा सर्दी. या वर्षातली पाचवी. नाही, सहावी. मार्चमधली मी धुळीची म्हणून सोडून दिली होती. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. निदान इथे तरी आकडा खरा हवा.

काल गावी आबांकडे गेलो होतो. येत्या एक मार्चला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. हॉल, केक, फेटे, काही नको म्हणाले. शाळेत रक्तदान शिबिर घ्या, त्यात काय ती माणसं जमवा. मी लगेच सांगितलं, आबा, माझं चोवीस वेळा झालंय, पंचविसावं त्या दिवशी तुमच्यासमोर देतो. आणि नेमका तेव्हाच शिंकलो. चारदा. आबा म्हणाले, रगात दे रं बाबा, शेंबूड नगं.

शेजारी नाथाजी बसला होता, तो मोठ्याने हसला. त्याच्या उसाच्या रानाची माती गेली बारा वर्षं मी तपासतोय. त्याने हसायला नको होतं.

राग शेंबडाचा नाही. आबांना, म्हणजे सुभेदार सयाजीरावांना, दोन मुलगे. थोरला जयराज फौजेत गेला. धाकट्याचं नाव वीरधवल ठेवलं, आणि तो १९९९ साली कोल्हापूरच्या भरतीत छातीच्या मापात दोन सेंटिमीटरनी पडला. तेव्हापासून आबा माझ्याशी पाऊस, ऊस आणि एसटीच्या वेळा यांपलीकडे काही बोललेले नाहीत. मी रक्त देतो ते कोणाला दाखवण्यासाठी देत नाही.

(वरचं वाक्य पुन्हा वाचलं. राहू दे.)

सर्दी असेल तर रक्त घेत नाहीत. म्हणजे एक मार्चला नाक कोरडं हवं. सहा महिने आहेत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं. झिंक!

स्वतःचाच संताप आला. बावीस वर्षं साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्यांना सांगतोय की पानांवर फिकट पट्टे आले, कांडी आखूड पडली की रानात झिंक कमी आहे, झिंक सल्फेट द्या. ऊस तरारतो. आणि स्वतःचं रान तपासायचं सुचलं नाही.

फोनवर मोठा लेख वाचला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे शिकून तयार होतात, आणि तिथलं एक संप्रेरक झिंकशिवाय कामच करत नाही. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या मागे धावतात; झिंक कमी पडलं की त्यांची धाव मंदावते. म्हणजे थायमस हे ट्रेनिंग सेंटर आणि न्यूट्रोफिल हे पायदळ. अख्खी पलटण माझ्या छातीत आहे. ज्या छातीला दोन सेंटिमीटर कमी म्हणून परत पाठवलं, त्याच छातीत!

लेखात असंही आहे की थायमस वयानुसार आक्रसतो, चाळिशीनंतर त्यात बरीचशी चरबीच असते. हे वाचून फार राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

शेवटच्या भागाचं नाव ‘प्रमाण’. तो वाचला नाही. एकरी प्रमाण सांगून सांगून माझा घसा बसलाय, मला कोणी प्रमाण शिकवू नये.

संध्याकाळी औषधाच्या दुकानातून पन्नास मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. रोज एक.

१० सप्टेंबर, बुधवार

सर्दी गेली. सातव्या दिवशी. झिंक!

मयूरी म्हणाली, अहो, सर्दी सातव्या दिवशी जातेच. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण बायकोला विज्ञान समजावून सांगता येत नाही. (ती एम.एस्सी. आहे. मी बी.एस्सी. पण तिचा विषय स्टॅटिस्टिक्स.)

१ ऑक्टोबर, बुधवार

उपाशीपोटी गोळी घेतल्यावर मळमळतं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते. आज एका शेतकऱ्याच्या दारात, मातीचा नमुना हातात धरलेला असताना ओकलो. त्याने पाणी दिलं आणि विचारलं, सायेब, माती इतकी खराब हाय व्हय?

पेशी जाग्या होताना एवढं व्हायचंच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दिवस वाया.

सकाळी आबांना भेटून आलो. त्यांनी तांब्याचा जग दिला. निवृत्त झाले तेव्हा पलटणीने दिलेला, बाजूवर पलटणीचं नाव कोरलेलं आहे. जयराजला न देता मला का दिला, असं विचारलं. आबा म्हणाले, ह्यात रातभर पानी ठेव आन् सकाळी पी, सर्दी ऱ्हात न्हाई. म्हणजे भेट नव्हे, टोमणा. मी परत येताना सगळ्या रस्त्याने मनात उत्तरं देत होतो. तांब्याचं पाणी! एकविसाव्या शतकात!

जगात गोळ्यांच्या स्ट्रिप्स छान मावतात.

दुपारी मयूरीचा भाऊ निमिष ओवाळून घ्यायला सांगलीहून आला. डॉक्टर आहे. पाणी घ्यायला म्हणून त्याने जग उचलला तर आतून स्ट्रिप्स निघाल्या. किती दिवस घेताय, दाजी? म्हटलं, दीड महिना, रोज एक. तो म्हणाला, बंद करा, एवढं लागत नाही, तुम्हाला कमतरता आहे हे तपासलंय का? मी म्हणालो, तुम्ही माणसं तपासा, झिंकचं मी बघतो. मयूरीने करंजीचं ताट जरा जोरातच ठेवलं.

मी उद्धटपणे बोललो का? शांतपणे विचार केला. थोडंसं. पण तो मुद्दाम हळू आवाजात बोलतो, समोरच्याला रुग्ण करून टाकतो. चूक त्याची.

तो गेल्यावर दोन गोळ्या एकदम घेतल्या. उद्यापासून रोज तीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

कारखाना सुरू झालाय. घरभर काजळी पडते. आज सात शिंका. नीट तपासून लिहितो: तीन काजळीच्या, दोन मिरचीच्या फोडणीच्या, एक उन्हात पाहिल्यामुळे, एक मयूरी शिंकली म्हणून. सर्दीची एकही नाही. झिंक सुरू केल्यापासून सर्दी शून्य.

मयूरी म्हणाली, मग दोन दिवस नाक कशाने गळतंय? म्हटलं, त्याला नाक गळणं म्हणतात. सर्दी म्हणत नाहीत.

९ डिसेंबर, मंगळवार

आज आवाज बसेपर्यंत ओरडलो.

नाथाजी मोटरसायकलवर उसाची पानं बांधून घेऊन आला. कोवळी पानं पांढरीफटक. काय घातलंस विचारलं. म्हणाला, तुमीच सांगिटलं न्हवं, झिंक घाल, घातलं की. किती? एकरी तीस किलो. मी दहा लिहून दिलं होतं! तर म्हणतो, आवं सायेब, धा किलोनं एवढा फरक पडतुय म्हटल्यावर तिसानं किती पडंल, म्हनून घातलं.

मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, अरे, एकाचं पोट फुटेपर्यंत भरलंस की शेजारचा उपाशी मरतो. झिंक जास्त झालं की मुळं लोह घेईनात, तांबं घेईनात. उपाशी ऊस पांढरा पडणार नाही तर काय होणार? कागदावर प्रमाण लिहून देतो ते वाचत का नाहीस?

नाथाजी खाली बघत म्हणाला, वाचलं हुतं सायेब. वाटलं, तुमी भिऊन कमी लिवलं आसंल.

नाथाजी बी.ए. आहे, म्हणून जास्त राग येतो. शिकलेल्या माणसाने असं वागावं! मी गरजेपेक्षा जास्त ओरडलो का, हे घरी येऊन स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

या धांदलीत दुपारची गोळी राहिली. भरपाई म्हणून रात्रीच्या जेवणानंतर दोन. आता असं वाटतं की कायमच्याच चार कराव्यात. थंडी वाढतेय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजमध्ये शिबिर होतं. जूनपासून दिलेलं नाही, आज देता आलं असतं. दिलं नाही. पंचविसावं आबांसमोरच.

१४ जानेवारी २०२६, बुधवार. संक्रांत

ऑफिसात सगळे तिळगूळ वाटत फिरत होते. घेतला नाही. तिळातलं फायटेट झिंकला आतड्यात अडवतं. हे समजावून सांगितलं तर कॅशियर म्हणाला, साहेब, गोड बोला एवढंच म्हणतोय, आतड्याचं कुठे काढता? त्याच्याशी गोड बोललो नाही.

घरीही मयूरीची तिळाची वडी परत केली. तिने ती वडी स्वतः खाल्ली, माझ्याकडे बघत बघत.

१ फेब्रुवारी, रविवार

एक महिना उरला. प्रकृतीचा आढावा. प्रामाणिकपणे.

सर्दी: शून्य. (काजळी, फोडणी, गारवा यांच्या शिंका धरलेल्या नाहीत.)

दम: प्रयोगशाळेचा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. कारण उघड आहे. शरीराची सगळी ताकद पलटणीकडे वळलेली आहे.

तोंड: फोड आले आहेत. एक गेला की दुसरा. आतली साफसफाई चालू असणार.

पाय: बोटांना मुंग्या येतात. चप्पल घट्ट असावी.

रंग: आज नाथाजी भेटला. म्हणाला, सायेब, माझ्या उसागत दिसाय लागलाय की. त्याला मोटरसायकल सुरू करायलाही वेळ दिला नाही, असा झापला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण. मयूरी म्हणते रक्त तपासून घ्या. मी म्हणतो, एक मार्चपर्यंत या शरीरातून रक्ताचा थेंबही वाया जाणार नाही. ती म्हणाली, तपासणीला चमचाभर लागतं हो. म्हटलं, तो चमचाही आबांच्या बाटलीतलाच. ती म्हणाली, आबांना तुमचं रक्त नकोय, आबांना काय हवंय ते तुम्ही एकदा विचारून तरी बघा. मी म्हणालो, सव्वीस वर्षं त्यांच्या तोंडाकडे बघतोय, विचारायची गरज नाही.

तिने निमिषला फोन केला. बंद दारातून ऐकू येत होतं. मी ऐकत नव्हतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरपंचांचा फोन. माइकवरून पुकारणार: सुभेदारांचे चिरंजीव वीरधवल यांचं पंचविसावं रक्तदान, वडिलांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवशी! रक्तपेढी सन्मानचिन्ह देणार आहे, ते आबांच्या हस्ते. मी म्हटलं, एवढं कशाला. ते म्हणाले, बरं, मग राहू दे का? मी म्हटलं, नको, ठरलंय तर असू दे.

उद्या गोळ्या पाच. खबरदारी.

१ मार्च, रविवार. सकाळी ५.४०

नाक कोरडं! दोन्ही नाकपुड्या. आरशात बॅटरी लावून पाहिलं. सहा महिन्यांचं फळ. आबा, आज बघा.

१ मार्च. दुपारी ४

लिहायचं नव्हतं. पण फक्त चांगले दिवस लिहायचे तर ती वही नव्हे.

शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. आबा खुर्चीवर, छातीवर पदकं. सरपंचांनी पुकारलं. टाळ्या. मी पुढे झालो. रक्तपेढीची सोनम नावाची मुलगी, असेल बावीस वर्षांची, तिने बोटाला सुई टोचली. यंत्राकडे बघितलं. दुसऱ्या हाताचं बोट मागितलं. पुन्हा बघितलं.

काका, तुमचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ आहे, साडेबारा लागतं, नाही घेता येणार.

मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. ती म्हणाली, तुमच्या आधीच्या एकवीस जणांना चाललं. मी म्हणालो, माझं नाक बघा, एकदम कोरडं आहे. ती म्हणाली, काका, नाकातून नाही घेत. मागची रांग हसली. मी तिसरं बोट पुढे केलं. तिने त्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाले, अनफिट. दवाखान्यात दाखवा, लवकर.

हा शब्द मी दुसऱ्यांदा ऐकला. पहिल्यांदा कोल्हापूरच्या भरतीत. तेव्हाही आबा होते, मैदानाच्या फाटकापाशी.

पाठीमागे नाथाजी. त्याचं भरलं सोळा. तो हळूच म्हणाला, सायेब, मी देतो की. तुमच्या नावावर लिवा म्हनावं, रगात काय, लालच आसतंय. तो मनापासून म्हणत होता, हे मला दिसत होतं. तरी मी त्याला म्हणालो, तू आधी आपल्या उसाकडे बघ.

त्याला आबांच्या हस्ते आंब्याचं रोप मिळालं. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या सन्मानचिन्हाचं खोकं टेबलाखाली सरकवताना दिसलं.

आबांकडे न बघता निघालो. मयूरीने गाडी चालवली. थेट सांगलीला नेते म्हणाली. नको म्हणण्याइतका दम नव्हता.

६ मार्च, शुक्रवार. सांगली

सगळे रिपोर्ट आले. निमिषने समोर बसवून सांगितलं, त्याच त्या हळू आवाजात.

झिंक भरमसाट झालं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी झडल्या की त्यांच्यासोबत तांबं शरीराबाहेर जातं. तांबं नसेल तर लोह असूनही शरीराला त्याचं रक्त करता येत नाही. आणि न्यूट्रोफिलही तयार होत नाहीत. माझ्या रक्तातलं तांबं जवळजवळ संपलंय. न्यूट्रोफिल जेमतेम एक तृतीयांश उरलेत. पायाच्या मुंग्याही त्याच्याच. चप्पल बरोबर होती.

म्हणजे झिंकने पलटण उभी राहते हे खरं. पण अति झालं की तेच झिंक पलटणीचं रेशन तोडतं. माझ्या पायदळाला मी सहा महिने उपाशी मारलं, आणि वर रोज सकाळी कदमताल घेत होतो.

त्याने माझ्या फोनवर तोच लेख काढून ‘प्रमाण’ वाचून दाखवलं. मोठ्या माणसाला दिवसाला चाळीस मिलिग्रॅमच्या वर नको. मी दोनशे घेत होतो. त्याने विचारलं, दाजी, तुम्ही तर याच विषयातले, तुमच्याकडे रानात झिंक जास्त झालं तर काय होतं? मयूरीने उत्तर दिलं. डिसेंबरात मी नाथाजीला जे ओरडलो ते शब्दन् शब्द, हात आपटण्यासकट. त्या दिवशी घरी येऊन मीच तिला करून दाखवलं होतं.

निमिष हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

झिंक बंद. तांब्याच्या गोळ्या, रोज दोन मिलिग्रॅम. काजू, हरभरे, आणि तीळ.

तीळ!

८ मार्च, रविवार. कराड

आबा आले. न कळवता, पहिल्या एसटीने. स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायला आपला जग उचलला आणि उलटा केला. अकरा स्ट्रिप्स पडल्या. आबांनी त्या एकेक उचलून टेबलावर सरळ ओळीत मांडल्या. म्हणाले, पानी कुठं हाय रं ह्यात?

मग माझा तोल सुटला. सव्वीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. म्हणालो, तुमच्यासाठीच हे केलं. भरतीत पडलो त्या दिवसापासून तुम्ही माझ्याकडे नीट बघितलं नाही. चोवीस वेळा रक्त दिलं, एकदा तरी शाबास म्हणालात? जयराज सुट्टीवर आला की फाटकापर्यंत येता, मी आलो की एसटी कितीची विचारता.

आबांनी शेवटची स्ट्रिप ओळीत सरळ केली. मग म्हणाले, तू भरतीत पडलास त्या सांजंला मी काय केलं, ठावं हाय?

म्हटलं, नाही.

म्हणाले, देवळात नारळ फोडला. कारगिलचं साल हुतं त्ये. थोरला तिकडं वर हुता. हिकडं दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात पेटी यीत हुती. तुझी आय जेवत नव्हती. तू अनफिट झालास आन् मला वाटलं, चला, एक तरी घरी ऱ्हातंय.

मी म्हणालो, मग हे सांगितलं का नाही? सव्वीस वर्षं!

आबा म्हणाले, सांगिटलं आसतं तर दुसऱ्या सालाला पुन्यांदा गेला आसतास. मला खोटं पाडाय.

एवढा राग आयुष्यात आला नव्हता. कारण ते खरं होतं. आणि एसटी कितीची हे ते का विचारतात, तेही आत्ताच कळलं. मी गेल्यावर किती वाजेपर्यंत काळजी करायची, त्याचा अंदाज.

उठलो आणि ताडताड गच्चीवर निघालो. जिन्याला अठरा पायऱ्या. अकराव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बसावं लागलं. रागाने वर जायचं तर हिमोग्लोबिन लागतं.

थोड्या वेळाने आबा आले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, अकरा पायऱ्या, दम नाही. शेजारी बसले. जग धुऊन भरून आणला होता. म्हणाले, चोवीस बी लय झालं. पी.

शाबास म्हणाले नाहीत. पण तेच ते असावं, असं मी धरून चाललोय. यावेळी तरी आकडा बरोबर असावा.

पाणी प्यायलो. आणि शिंक आली. मग लागोपाठ तीन.

आबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, धुळीची आहे.